आग लगामात ठेवणारे हात

दिवाळीच्या रात्री आमच्या गल्लीत एक रॉकेट चुकले. शेजारच्या मुलांनी ते बाटलीत उभे करून पेटवले, बाटली कलंडली आणि रॉकेट आभाळात जायचे सोडून आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीत घुसले. चादरीला रुपयाएवढे भोक पडले. शेजारच्या वहिनी ओशाळून धावत आल्या, सकाळी फराळाचे ताटही आले, आणि विषय तिथेच मिटला.

मिटला नाही तो आमच्या धाकट्याचा प्रश्न. नाश्त्याला बसल्यावर चकली मोडता मोडता त्याने विचारले, "अब्बा, ते रॉकेट आडवे झाले तेव्हा कुणालाच कसे थांबवता आले नाही? मग कलामसाहेबांचे रॉकेट कसे वळते?"

आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात दादी म्हणाल्या, "बेटा, वो बडे लोगों का काम है."

दादींच्या बोलण्यात अदब होता, पण ते वाक्य आम्हाला बोचले. डॉ. अब्दुल कलाम यांची तसबीर आमच्या बैठकीत आहे. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही ती असेल. त्या तसबिरीखाली बसून मुलांना आपण हेच सांगणार का, की हे मोठ्यांचे काम आहे, आपले नाही? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या माणसाला तर हे म्हणायला अजिबात जागा नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख. पण त्याआधी धाकट्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

बत्ती लागली की हाताबाहेर

जुन्या मराठी कागदपत्रांत 'बाण' हा शब्द धनुष्याच्या बाणासाठी येतो, तसा दारू ठासलेल्या अग्निबाणासाठीही येतो. अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या फौजांना हे शस्त्र चांगले ठाऊक होते. त्यात सर्वांत पुढे गेले ते म्हैसूरचे हैदरअली आणि टिपू सुलतान. त्यांच्या कारागिरांनी बांबूच्या किंवा कागदाच्या नळीऐवजी लोखंडी नळी वापरली. नळी मजबूत, म्हणून आत दारू जास्त घट्ट ठासता येई, दाब जास्त तयार होई आणि बाण लांब जाई. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेला या अग्निबाणांचा तडाखा बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण विलायतेला नेले, आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्ह यांनी तिकडची रॉकेटे तयार केली. १९६३ मध्ये कलाम अमेरिकेतल्या वॉलॉप्स बेटावरच्या रॉकेट केंद्रात शिकायला गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांना टिपूच्या सैन्याच्या रॉकेटांचे चित्र दिसले. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

पण टिपूचा बाण असो की आमच्या चादरीत घुसलेले रॉकेट, दोघांची खोड एकच. आत सगळी दारू एकत्र ठासलेली. एकदा बत्ती लागली की ती संपेपर्यंत जळणार. मध्येच कमी करता येत नाही, थांबवता येत नाही. सोडणाऱ्याचा हुकूम बत्ती लावण्यापर्यंतच चालतो. पुढचे वारा आणि नशीब ठरवतात.

हे बदलायचे तर आगीला तोटी बसवायला हवी होती. नळाला असते तशी, उघडता येईल आणि बंदही करता येईल अशी. घट्ट दारूला तोटी कशी बसवणार? म्हणून शास्त्रज्ञ वळले ते पातळ इंधनाकडे.

पंप, झडप आणि भोवरा

१६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑबर्न गावच्या एका शेतात रॉबर्ट गोडार्ड या प्राध्यापकांनी जगातले पहिले द्रव इंधनाचे रॉकेट उडवले. एका टाकीत पेट्रोल, दुसऱ्या टाकीत अतिथंड करून पातळ केलेला प्राणवायू. ते अडीच सेकंद उडाले, सुमारे साडेबारा मीटर उंच गेले आणि कोबीच्या वाफ्यात पडले. आमच्या दिवाळीच्या रॉकेटाने याहून मोठी मजल मारली असती. पण गोडार्ड यांच्या रॉकेटात एक गोष्ट नवी होती. जाळायचा पदार्थ आणि त्याला जळायला लागणारा प्राणवायू वेगवेगळे ठेवले होते. दोघांना एकत्र आणायचे की नाही, आणि किती आणायचे, ते नळी आणि झडप ठरवत होती.

सोळा वर्षांनी या खेळण्याचे शस्त्र झाले. जर्मनीत पेनेम्युंड येथे ३ ऑक्टोबर १९४२ रोजी ए-४ नावाचे क्षेपणास्त्र यशस्वीपणे उडाले. पुढे जगाने त्याला व्ही-२ या नावाने ओळखले. लांबी सुमारे १४ मीटर, भरल्यावर वजन साडेबारा टनांच्या आसपास, पल्ला सुमारे ३२० किलोमीटर. म्हणजे साताऱ्याहून सोडले तर मुंबईच्याही पलीकडे.

ते चालत कसे होते, हे सांगली-साताऱ्याच्या माणसाला समजावणे सोपे आहे. कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या शिवारात सापडते.

पहिली गोष्ट इंधन. व्ही-२ चे इंधन होते अल्कोहोल, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीपासून जे अल्कोहोल निघते आणि आता इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळले जाते, तोच हा पदार्थ. जर्मनांनी ते बटाट्यांपासून काढले. जे पोटात गेले तर संसार जाळते, ते टाकीत भरले तर यंत्र उडवते.

दुसरी गोष्ट पंप. व्ही-२ च्या इंजिनाला दर सेकंदाला सुमारे १२५ किलो इंधन आणि प्राणवायू लागे, म्हणजे सात-आठ मोठ्या बादल्या. एवढे द्रव दाबाने आत ढकलायला टर्बोपंप बसवला होता. हायड्रोजन पेरॉक्साइडपासून वाफ तयार होई, वाफेने चाक फिरे आणि चाकाच्या दांड्यावरचे दोन पंप दोन टाक्यांतून द्रव खेचत. त्याची ताकद ५८० अश्वशक्तीच्या आसपास होती. आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप असतो. तसे शंभराहून अधिक पंप एका लोखंडी नळकांड्यात कोंबले असे समजा, आणि तेही जेमतेम एक मिनिट चालण्यासाठी. पण तत्त्व तेच. चाक फिरते, पाती द्रवाला बाहेर फेकतात, दाब तयार होतो. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही हे नव्याने शिकवावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट गारवा. इंजिनाच्या पोटात अडीच हजार अंशांहून अधिक उष्णता. पोलाद तर दीड हजारच्या आसपास वितळते. मग इंजिन वितळत का नाही? इंजिनाची भिंत दुहेरी होती. जाळायचे अल्कोहोल आधी त्या दोन भिंतींमधून फिरवत आणि मग जळायला आत सोडत. जुन्या डिझेल इंजिनाभोवती पाणी खेळवतात, तसेच. फरक एवढाच की इथे थंडावा देणारेच पुढे जळत होते.

चौथी गोष्ट दिशा. फिरता भोवरा आपला आस सोडत नाही, त्याला ढकलले तरी तो सावरतो. गायरोस्कोप हे यंत्र म्हणजे असाच वेगाने फिरणारा भोवरा. क्षेपणास्त्र कलले की भोवऱ्याच्या तुलनेत ते किती कलले हे कळते. मग शेपटाकडची पाती हलून त्याला सरळ करतात. त्यांपैकी काही पाती थेट जळत्या झोतात असत, म्हणून ती ग्राफाइटची केलेली होती. ठरलेला वेग आला की इंधनाची झडप बंद. पुढे ते फेकलेल्या दगडासारखे आपल्या गतीने जाऊन पडे. झडप किती सेकंदांनी मिटते, त्यावर ते कुठे पडणार हे ठरे.

धाकट्याला आम्ही इथवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपला पंप आणि माझा भोवरा." आम्ही म्हणालो, "हो, आणि मधली झडप."

बोगद्यातला हिशेब

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये.

व्ही-२ ची दिशा भोवऱ्याने राखली जाई खरी, पण नेम काही किलोमीटरने चुकत असे. छावणी किंवा पूल त्याला नेमका साधता येत नव्हता. त्याला साधता येत होते ते फक्त शहर. ८ सप्टेंबर १९४४ पासून ते पॅरिस आणि लंडनवर पडू लागले. आवाजापेक्षा वेगाने येत असल्यामुळे आधी स्फोट होई आणि येण्याचा आवाज मागून ऐकू येई. भोंगा वाजवून लोकांना सावध करायलाही वेळ नव्हता. १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात एक व्ही-२ भरलेल्या चित्रपटगृहावर पडले. त्यात ५६७ माणसे मेली.

आणि ते बनवणारे? पेनेम्युंडवर बॉम्बहल्ला झाल्यावर कारखाना डोंगराखालच्या बोगद्यांत हलवला. कामाला मिटेलबाऊ-डोरा या छळछावणीतले कैदी जुंपले. या छावणीत सुमारे ६०,००० कैदी आणले गेले, त्यांतले सुमारे २०,००० मेले. उपासमार, आजार, फाशी, मारहाण. व्ही-२ च्या हल्ल्यांत जितकी माणसे मेली, त्यांहून जास्त ते बनवताना मेली, असे इतिहासकार सांगतात. या प्रकल्पाचे प्रमुख अभियंते वेर्नर फॉन ब्राऊन युद्धानंतर अमेरिकेत गेले, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली बनलेल्या सॅटर्न-५ या रॉकेटाने १९६९ मध्ये माणूस चंद्रावर पोहोचवला. तिकडे सोव्हिएत संघात सर्गेई कोरोल्योव्ह यांनीही व्ही-२ ची नक्कल करूनच सुरुवात केली. त्यांच्या आर-७ या क्षेपणास्त्राने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात सोडला.

एकाच प्रकारच्या इंजिनाने चित्रपटगृहही पाडले आणि चंद्रही गाठला. इंजिनाला झडप होती. ते वापरणाऱ्यांच्या हातालाही झडप हवी होती, ती त्या बोगद्यात कुणी बसवली नव्हती. इल्मबरोबर इन्साफ नसेल तर काय होते, याचा हा लोखंडात कोरलेला दाखला आहे.

कृष्णाकाठचा संरक्षणमंत्री

आता आपल्याकडे येऊ. भारतात द्रव इंधनाच्या क्षेपणास्त्रांची गोष्ट सुरू झाली त्या काळात देशाचे संरक्षण खाते ज्या माणसाकडे होते, तो आपल्या मातीतला होता.

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा करून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा जुना इतिहास वेगळा सांगता येत नाही. लहानपणीच वडील वारले. आई विठाबाईंनी गरिबीत मुले वाढवली, आणि यशवंतराव शिकले कराडला.

१९६२ च्या चीन युद्धात देशाला मोठा धक्का बसला. त्या नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा लोक म्हणाले. १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते. संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात आखली गेली. क्षेपणास्त्रांवर काम करणारी छोटी तुकडी १९५८ पासून दिल्लीत होती. तिची प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीएल, १९६२ मध्ये हैदराबादला आली. केरळात थुंबा या कोळ्यांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातले पहिले संशोधन रॉकेट उडाले. त्या तुकडीत बत्तीस वर्षांचे कलाम होते.

याच दशकात भारताने सोव्हिएत संघाकडून एस-७५ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रे घेतली. १ मे १९६० रोजी अमेरिकेचे यू-२ हे हेरविमान सोव्हिएत हद्दीत पडले, ते याच क्षेपणास्त्राने. ते दोन टप्प्यांचे होते. पहिला टप्पा घट्ट इंधनाचा, काही सेकंद ढकलणारा. दुसरा द्रव इंधनाचा. जमिनीवरचे रडार विमानावर आणि क्षेपणास्त्रावर एकाच वेळी नजर ठेवी आणि रेडिओवरून त्याला वळायचे हुकूम देई. धाकट्याने विचारलेले 'वळणारे रॉकेट' ते हेच.

विकत घेतलेली वस्तू आपली होत नाही. ती उलगडून, समजून, पुन्हा बनवता आली तर आपली होते. १९७० च्या दशकात डीआरडीएलमध्ये हेच करायचे ठरले. एस-७५ चा सुटा भाग न् भाग अभ्यासून तसे क्षेपणास्त्र देशात बनवायचे. या कामाला नाव दिले होते 'प्रोजेक्ट डेव्हिल'. प्रमुख होते एअर कमोडोर व्ही. एस. नारायणन. क्षेपणास्त्र शेवटपर्यंत पुरे झाले नाही, प्रकल्प गुंडाळला गेला. लोकांनी त्याला अपयश म्हटले. पण त्यातून दोन गोष्टी हाती राहिल्या. एक, तीन टन रेटा देणारे द्रव इंधनाचे इंजिन. दुसरी, ते बनवू शकणारी माणसे.

धुळीचा एक कण

द्रव इंधनाच्या या इंजिनांत प्राणवायू पुरवणारा पदार्थ होता लाल धूर सोडणारे नायट्रिक ॲसिड. आपल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोन्या-चांदीचा गाळ शुद्ध करतात. त्यांच्या घरातल्या लोकांना या तेजाबाची ओळख करून द्यायला नको. झाकण उघडले की येणारा तांबूस धूर, घशात बसणारी खवखव, हातावर थेंब पडला की उठणारा पिवळा डाग. रॉकेटातले तेजाब याहूनही जहाल. ते टाकीचे पोलादही खाते, म्हणून त्यात दुसरे एक रसायन थोडेसे मिसळून त्याचा दात बोथट करावा लागतो. इंधनही असे निवडलेले असते की दोन्ही द्रव एकमेकांना भेटताक्षणी आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही. म्हणजे झडप गळली तर संपलेच.

कलाम तेव्हा इस्रोमध्ये एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटाचे प्रमुख होते. ते रॉकेट घट्ट इंधनाचे, पण त्याच्या दुसऱ्या टप्प्याला वळवणाऱ्या यंत्रणेत हेच तेजाब होते. तिच्या चाचणीच्या वेळी एकदा तेजाबाची टाकी फुटली आणि सहा सहकारी भाजले. कलाम त्यांना घेऊन रुग्णालयात धावले. त्या रात्रीबद्दल त्यांनी फार कळवळून लिहिले आहे. पुढे १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ उडाले. पहिला टप्पा नीट गेला. दुसऱ्या टप्प्यात रॉकेट ताब्याबाहेर गेले आणि बंगालच्या उपसागरात पडले. चौकशीत कळले की तेजाबाची एक झडप उड्डाणाआधीच नीट मिटली नव्हती. घाण अडकून ती उघडी राहिली आणि तेजाब गळून गेले. वळायची वेळ आली तेव्हा टाकी रिकामी होती.

वर्षानुवर्षांची मेहनत, आणि झडपेतली एवढीशी धूळ. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी रॉकेट यशस्वी झाले तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केले. कलाम ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. घरात वडीलधाऱ्यांनी कसे वागावे, हे यातून कुणालाही घेता येईल.

१९८२ मध्ये कलाम डीआरडीएलचे संचालक झाले. १९८३ मध्ये सरकारने एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम मंजूर केला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग अशी पाच क्षेपणास्त्रे एकाच वेळी बनवायची होती. त्यांतल्या 'पृथ्वी'ची गोष्ट इथे महत्त्वाची. त्यासाठी इंजिन नव्याने शोधत बसले नाहीत. ज्याला लोक अपयश म्हणत होते, त्या 'डेव्हिल'मधले तीन टनी इंजिन काढले, सुधारले आणि तशी दोन इंजिने पृथ्वीच्या पोटात बसवली. दिशा राखायला आता क्षेपणास्त्रातच संगणक होता. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोटाहून पृथ्वी उडाले. पल्ला १५० किलोमीटर, म्हणजे साधारण साताऱ्यापासून मिरजेच्या थोडे पुढे. पुढच्या वर्षी, २२ मे १९८९ रोजी पहिले 'अग्नी' उडाले. त्याचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ चा आणि दुसरा पृथ्वीच्या द्रव इंजिनाचा होता. दोन जुन्या प्रकल्पांची ती जोडणी होती.

द्रव इंधनाचे तोटेही लवकरच जाणवले. तेजाब भरून क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे उभे ठेवणे अवघड. ऐनवेळी भरायचे तर टँकर, रबरी पोशाख आणि वेळ लागतो. म्हणून पुढची अग्नी क्षेपणास्त्रे घट्ट इंधनाची झाली, आणि तोवर घट्ट इंधनाच्या रॉकेटालाही वळवण्याच्या रीती सापडल्या होत्या. पण आगीला ताब्यात कसे ठेवायचे, हा पहिला धडा दिला तो द्रव इंजिनानेच.

हात कुणाचे

आता दादींच्या वाक्याकडे परत येऊ.

कलाम रामेश्वरमच्या एका साध्या घरातले. वडील जैनुलाबदीन यांनी यात्रेकरूंना ने-आण करण्यासाठी होडी बांधली, ती बनताना कलामांनी लहानपणी पाहिली. ते मोठे झाले, पण एकटे झाले नाहीत. त्यांच्या प्रत्येक क्षेपणास्त्रामागे जोडणी करणारे वेल्डर होते, केसाच्या जाडीइतका फरक ओळखणारे टर्नर होते, झडपा पुन्हा पुन्हा धुऊन तपासणारे तंत्रज्ञ होते. एसएलव्ही-३ धुळीने पडले, याचा दुसरा अर्थ असा की ज्याच्या हाताने झडप स्वच्छ राहते, तोही ते रॉकेट उडवत असतो.

असे हात आपल्याकडे आहेत. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचेच पाहा. मूळचे हे शिकलगार, तलवारी आणि भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या लढाया संपल्या आणि धार लावायला शस्त्रेच उरली नाहीत. तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले आणि सतार-तंबोरे बनवायला सुरुवात केली. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शस्त्राचा हात साजाकडे वळला, पण हातातला बारकावा तोच राहिला. घोडीवर सुताचा धागा सरकवून जवारी काढणाऱ्या कारागिराच्या कानाला आणि बोटाला जो फरक जाणवतो, तो यंत्रालाही लवकर जाणवत नाही.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून आधी नांगर, मग पंप बनत आले. साताऱ्याजवळ सातारारोडला धनजीशा कूपर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी नांगरांचा कारखाना उभारला. तो पुढे वालचंद समूहात गेला, आणि त्याच समूहातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने इस्रोच्या रॉकेटांची पोलादी आवरणे बनवली. शिकायचे म्हटले तर सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगावी आयटीआय आहेत. फौजेत जायचे तर १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यातच सुरू झाली.

तरीही आपल्या मोहल्ल्यांत दहावीनंतर मुलगा गॅरेजला जातो आणि मुलीचे विज्ञान बंद होते, हे आपण रोज पाहतो. गॅरेजचे काम कमी दर्जाचे नाही. पण इंजिन खोलता येणाऱ्या मुलाला ते का चालते हे कळले, तर तो कुठे पोहोचेल? आयटीआयमधून डिप्लोमा, डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, अशी वाट उघडी आहे. तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, एवढीच अडचण आहे. मुलीच्या बाबतीत तर आपण झडप आधीच बंद करतो आणि मग म्हणतो, ज्योत पेटली नाही.

आणि व्ही-२ च्या बोगद्याचा हिशेबही विसरायचा नाही. कलाम आयुष्यभर शस्त्रे बनवत होते, तरी त्यांना सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला ते त्यांनी अनेकदा सांगितले. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेल्या कार्बनच्या हलक्या पदार्थापासून हैदराबादच्या निझाम्स रुग्णालयातल्या पोलिओग्रस्त मुलांसाठी पायाचे कॅलिपर बनवले गेले. आधीचे तीन-चार किलोचे होते, हे ३०० ग्रॅमचे झाले. मुले धावू लागली, आई-बापांच्या डोळ्यांत पाणी आले. तीच प्रयोगशाळा आणि तोच पदार्थ, फक्त दिशा बदलली होती.

हे सगळे आम्ही धाकट्याला एका दिवसात सांगितले नाही. बरेच दिवस लागले. मध्ये एका रविवारी मामूंच्या शेतावर पंप पाणी उचलेना. मामू फूटव्हॉल्व्ह बाहेर काढून बसले. त्यात काटकी अडकली होती, झाकण बसत नव्हते, पाणी उलटे विहिरीत जात होते. धाकट्याने ती काटकी काढून तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "मामू, कलामसाहेबांचे रॉकेट असेच पडले होते."

मामू हसले. त्यांनी व्हॉल्व्ह त्याच्याच हातात दिला आणि म्हणाले, "मग धू नीट आणि बसव तूच."

दादी बांधावर बसल्या होत्या. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. पाणी पाटात आले तेव्हा मात्र त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.